केमोच्या उलट्या, विजया तेल आणि टीएचसी : नीट माहिती असलेल्यांनी कृपया लिहा

मुळाकाठ

आईला (वय ६७) अंडाशयाचा कॅन्सर आहे. दर तीन आठवड्यांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. तीन केमो झाल्या. केमोच्या दिवशी ती बरी असते, दुसऱ्या दिवसापासून मळमळ सुरू होते आणि मग चार-पाच दिवस पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. फोडणीचा वास आला तरी उमळून येतं. त्यामुळे आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून, खालच्या फटीला टॉवेल लावून स्वयंपाक करतो. वजन ५८ वरून ५१ वर आलंय.

मामाने तिच्यासाठी एक बाटली आणली. तपकिरी काचेची, तीस मिलीची, ड्रॉपरवाली. वर 'विजया अर्क १५०० मिग्रॅ' असं लिहिलंय. त्याला कुणीतरी सांगितलं, परदेशात केमोच्या पेशंटना हेच देतात. बहिणीचे हाल त्याला बघवत नव्हते, मलाही बघवत नव्हते, म्हणून मीही हो म्हटलं. हे आधीच कबूल करते.

गेल्या शनिवारी रात्री आठ वाजता चमचाभर तुपात पाच थेंब दिले. पाऊण तास काहीच फरक नाही, म्हणून आणखी पाच. साडेदहाच्या सुमाराला आईने पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाली, "पंखा खाली येतोय, बंद कर." पंखा बंदच होता. जीभ टाळूला चिकटत होती, डोळे लाल, ऑक्सिमीटरवर नाडी १३२. उठवून बसवलं, उभं करायला गेलो तर पाय दुमडले. मला म्हणाली, "तू कोण गं?"

इमर्जन्सीत नेलं. कॅन्सरची फाईल बघून डॉक्टरांना वाटलं, मेंदूत काही झालंय. सीटी स्कॅनची तयारी सुरू झाली. "नवीन काही औषध दिलंय का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मामा खाली मान घालून उभा. मी पर्समधून बाटली काढून दिली. मग ईसीजी केला, सलाईन लावलं, अंधाऱ्या कोपऱ्यातली खाट दिली आणि मला तिचा हात धरून बसायला सांगितलं. रविवारी दुपारी आई पूर्ण भानावर आली. चहा मागितला.

आता प्रश्न. यात नेमकं काय असतं? केमोत खरंच उपयोग होतो का, की सगळी अफवा? आणि दहा थेंबांनी इतकं कसं झालं? चौथी केमो पंधरा दिवसांवर आहे.

---

चाफा

बाप रे. काकूंना सांभाळा. तुम्ही बाटली दाखवलीत ते फार बरं केलंत. वाचतेय.

---

जुनी प्रयोगशाळा

मी औषधशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. डॉक्टरांचा सल्ला तो डॉक्टरांचाच, पण तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. शेवटचा आधी घेतो, कारण तिथेच सगळी मेख आहे.

३० मिलीत १५०० मिग्रॅ अर्क, म्हणजे मिलीला ५०. साध्या ड्रॉपरचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिली. दहा थेंबांत आईंच्या पोटात गेला २५ मिग्रॅ अर्क. विजया म्हणजे भांग, गांजाचंच झाड. आता त्या अर्कात त्यातलं नशा आणणारं द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी, किती? तुम्ही लिहिलंय त्यावरून लेबल ते सांगत नाही. 'अर्क' हा आकडा पानातून जे जे उतरलं त्या सगळ्याचा असतो. त्यात निम्मं टीएचसी धरलं तर साडेबारा मिग्रॅ झालं. अमेरिकेत हेच द्रव्य ड्रोनॅबिनॉल नावाने कॅप्सूलमध्ये मिळतं, आणि त्यातली सगळ्यात लहान कॅप्सूल २.५ मिग्रॅची असते. भूक वाढवण्यासाठी द्यायचं तर सुरुवात तिथून करतात, वयस्कर माणसाच्या बाबतीत तर फारच जपून. म्हणजे ५१ किलोच्या, आधीच पाणी कमी झालेल्या, कधीही सवय नसलेल्या बाईला पहिल्याच रात्री पाचपट. 'थेंब' हे माप ऐकायला निरुपद्रवी वाटतं, म्हणून घात होतो.

दुसरी गोष्ट वेळेची. धूर ओढला तर टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचतं. पोटातून घेतलं तर आधी यकृतात जातं. तिथे त्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, आणि तेही तितकंच नशा आणणारं आहे. परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात, चढता जोर दोन ते चार तासांत, आणि उतार पडायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. तुम्ही पाऊण तासाने दुसरा डोस दिलात तेव्हा पहिला अजून वाटेत होता. होळीला भांगेची बर्फी खाऊन 'काहीच झालं नाही' म्हणत दुसरी खाणाऱ्यांचंही नेमकं हेच होतं. त्यात तुपातून दिलंत. टीएचसी स्निग्ध पदार्थात विरघळतं, पाण्यात जवळपास नाही. तुपाबरोबर ते जास्त शोषलं जातं.

आता त्यात काय असतं. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध रूपात वेगळं केलं आणि त्याची रचना मांडली. ते शरीरात नेमकं कुठे जाऊन बसतं, हे कळायला आणखी चोवीस वर्षं लागली. मेंदूतल्या त्या जागेला सीबी१ रिसेप्टर म्हणतात. मग साहजिक प्रश्न आला, की आपल्या डोक्यात भांगेसाठी कुलूप कशाला असेल? तर किल्ली शरीर स्वतःच बनवतं. ती १९९२ मध्ये सापडली आणि शोधणाऱ्यांनी तिचं नाव ठेवलं आनंदमाइड, आपल्या संस्कृत 'आनंद'वरून. वर्गात हे सांगताना दरवर्षी अंगावर काटा यायचा.

शरीरातलं आनंदमाइड लागेल तिथे, लागेल तेवढं तयार होतं आणि लगेच मोडलं जातं. टीएचसी मात्र सगळ्या मेंदूत एकदम पसरतं आणि तासन् तास राहतं. स्मृतीच्या भागात बसतं म्हणून "तू कोण गं", तोल सांभाळणाऱ्या भागात बसतं म्हणून पाय दुमडले, आणि उलटीच्या केंद्रातही बसतं, म्हणून मळमळ थांबते. तिन्ही एकाच द्रव्याची कामं. औषध वेगळं आणि नशा वेगळी अशी फाळणी टीएचसीच्या बाबतीत करता येत नाही. हातात असतो फक्त डोस.

म्हणजे केमोतला उपयोग अफवा नाही. ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन (टीएचसीसारखंच, प्रयोगशाळेत बनवलेलं) या दोन्ही औषधांना अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली, इतर औषधांनी न थांबणाऱ्या केमोच्या उलट्यांसाठी. १९९२ मध्ये एड्सच्या रुग्णांची भूक वाढवण्यासाठीही ड्रोनॅबिनॉलला मान्यता मिळाली. पण एक गोष्ट बाटली विकणारे सांगत नाहीत. त्या चाचण्यांतल्या बहुतेकांत तुलना त्या काळच्या जुन्या औषधांशी होती. ऑन्डानसेट्रॉन हे उलटीवरचं औषध त्यानंतर आलं आणि सगळं चित्र बदललं. आज टीएचसीचा नंबर रांगेत बराच मागे लागतो. तुमच्या आईला पुढची औषधं दिली आहेत का, हे आधी बघा.

---

सह्याद्रीवेडा

एवढं घाबरवू नका हो लोकांना. हजारो वर्षं महाशिवरात्रीला लोक घेतायत. निसर्गाने दिलेली वनस्पती आहे, दारूने माणसं मरतात, भांगेने एक मेलेला दाखवा.

---

जुनी प्रयोगशाळा

तुमच्या म्हणण्यात एक भाग खरा आहे. श्वास चालवणाऱ्या केंद्रात सीबी१ फार कमी असतात, त्यामुळे अफूसारखा श्वास थांबून मृत्यू येत नाही. पण नाडी १३२ वर गेलेली बाई ६७ वर्षांची आहे. २००१ साली हृदयविकाराच्या ३,८८२ रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका ४.८ पट असल्याचं त्यात दिसलं. त्या एका तासात ओढलेले रुग्ण फक्त नऊ होते, म्हणून तो आकडा दगडावरची रेघ समजू नये. तरी ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत, त्याच्यासाठी नाडी अचानक पळणं आणि उभं राहताना रक्तदाब पडणं या दोन्ही गोष्टी वाईट. शिवाय ज्यांच्या घरी रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू आहे त्यांनी खास लक्ष द्या. ज्या एन्झाइममुळे वॉरफरिन मोडतं त्याच्या कामात भांगेतली द्रव्यं आडवी येतात, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. निसर्गाने दिलेल्या धोतऱ्यालाही आपण औषध म्हणतो, पण मापूनच.

---

कृष्णाकाठची

मी इथे फक्त वाचते, कधी लिहीत नाही. 'एक मेलेला दाखवा' वाचलं आणि राहवलं नाही.

आम्ही सांगलीकडचे. मुलाला पुण्यात इंजिनिअरिंगला घातलं. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी फोन कमी झाले. दिवाळीत घरी आला तेव्हा डोळे खोल गेलेले, रात्रभर जागा. एकदा पहाटे तीनला मी पाणी प्यायला उठले तर तो स्टुलावर चढून ट्यूबलाईटची पट्टी उचकटत होता. म्हणाला, "आई, हळू बोल, रूमवरची पोरं ऐकतायत." मोबाईल त्याने ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला होता.

आम्ही आधी देवाधर्माचं केलं. दीड महिना त्यात गेला, तो माझ्या जिवाला कायम लागून राहणार आहे. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी शांतपणे विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, सतराव्या वर्षापासून 'माल' ओढतोय, वर्षभर रोज. आणि त्यांनी आम्हालाही एक प्रश्न विचारला: घराण्यात कुणाला असा त्रास होता का? होता. माझ्या दिरांना. आमच्यात त्याबद्दल कुणी बोलत नाही, मुलाला कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर? हा विचार मी रोज करते.

आज तीन वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, ओढणं बंद आहे, एक वर्ष मागे पडून डिग्री पूर्ण करतोय. व्यसनासाठी मुक्तांगणला जात होतो, तिथे पालकांसाठीही बसवून बोलतात, त्याचा मला फार आधार झाला. माझा मुलगा जिवंत आहे. पण तो जो होता, त्यातलं काहीतरी गेलं.

तुमच्या आईंचं वेगळं आहे, मला कळतं. पण बाटली घरात असेल आणि घरात कॉलेजचं मूल असेल तर कुलपात ठेवा.

---

जुनी प्रयोगशाळा

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. दीड महिन्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका, बहुतेक घरांत याहून जास्त वेळ जातो.

इतरांसाठी थोडी भर. हा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो स्वीडनमध्ये. सैन्यभरतीला आलेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला आणि १९८७ मध्ये निष्कर्ष छापले. पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होतं. २०१९ मध्ये युरोपातल्या शहरांतून झालेल्या अभ्यासात रोज आणि १० टक्क्यांहून जास्त टीएचसी असलेला माल घेणाऱ्यांत सायकोसिसची (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची) शक्यता जवळपास पाचपट दिसली. ओढणाऱ्या प्रत्येकाला हे होत नाही, बहुतेकांना होत नाही. पण कोवळं वय, रोजची सवय, कडक माल आणि घराण्यातला इतिहास हे चार एकत्र आले की फार सांभाळायला हवं. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते.

---

वनौषधी वाट

मी वैद्य आहे. विजयेबद्दल दोन्ही टोकांची बोलणी ऐकून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

विजया आमच्या शास्त्रात आहे आणि ती उपविषांत मोजली जाते. म्हणजे ग्रंथकारांना तिची ताकद पक्की ठाऊक होती. वापरण्याआधी शोधन करतात: पानं पाण्यात पुन्हापुन्हा धुऊन, वाळवून, गाईच्या तुपात मंद परतायची. जातिफलादी चूर्णात ती असते, ग्रहणीच्या (जुनाट पोटाच्या विकाराच्या) रुग्णाला आम्ही ते देतो, पण जायफळ, लवंग, वेलची अशा बाकीच्या द्रव्यांसोबत, ठरलेल्या मात्रेत आणि ठरलेल्या दिवसांपुरतं. हे आणि बाजारातला घट्ट काढलेला अर्क एक नव्हे. कायद्यातही भांग आयुर्वेदाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि अशा औषधाच्या लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असं लिहावंच लागतं. ताई, तुमच्या बाटलीवर ते आहे का बघा. आणि कुठल्या वैद्याने आईंची नाडी पाहून, केमोची औषधं विचारून ते लिहून दिलं होतं का? नसेल, तर त्याला आयुर्वेद म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अजून एक. झाडावरच्या ओल्या पानात टीएचसी फार थोडं असतं. असतं ते त्याचं आम्लरूप, ज्याने नशा येत नाही. उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. परतण्यामागे हेही आहे. त्यामुळे 'नुसता पाला वाटून दिला, काही झालं नाही' आणि 'तुपात शिजवून दिला, आजी दोन दिवस बरळत होती' हे दोन्ही अनुभव खरे असू शकतात.

---

पर्वती पायथा

कायद्याचं कुणी सांगेल का? म्हणजे घरात ही बाटली ठेवणं गुन्हा आहे का?

---

कोर्टाची पायरी

वकील आहे, थोडक्यात. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात चरस म्हणजे राळ आणि गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे, हे दोन्ही बंद. शेंड्यांशिवाय नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांपासून, परवाना घेऊन केलेली आयुर्वेदिक औषधं विकली जातात. पण पानं सुटली असं समजू नका: महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, विनापरवाना बाळगता येत नाही. गांजा एक किलोपर्यंत सापडला तरी 'अल्प प्रमाण' धरून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आजारी माणसासाठी आणला' हा बचाव कायद्यात नाही. तेव्हा बाटलीवर परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर बघा. नसेल तर आत काय आहे हे कुणीच सांगू शकत नाही.

कृष्णाकाठची ताईंसारख्या पालकांसाठी: व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने मुलांना लपवून ठेवू नका.

---

लेस्टरचा पुणेकर

माझ्या मेव्हण्याला मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) आहे, इकडे इंग्लंडमध्ये त्याला तोंडात मारायचा स्प्रे मिळतो. एका फवाऱ्यात २.७ मिग्रॅ टीएचसी आणि २.५ मिग्रॅ सीबीडी (त्याच झाडातलं, नशा न आणणारं द्रव्य). पायांचं आखडणं कमी होण्यासाठी. सुरुवात दिवसाला एका फवाऱ्याने, मग रोजच्या रोज वहीत लिहीत हळूहळू वाढवायचा. चार आठवड्यांनी तपासलं: आखडणं किमान २० टक्के कमी झालं तरच पुढे चालू, नाहीतर बंद. त्याला उपयोग झाला, रात्री सलग झोपतो. पण त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या एकाचं बंद केलं. त्याला गाडी चालवण्याबद्दलही लेखी सूचना आहेत. मामांना सांगा, 'परदेशात देतात' ते असं देतात.

---

सह्याद्रीवेडा

माझा प्रतिसाद घाईत लिहिला गेला. कृष्णाकाठची ताई, माफ करा.

---

रात्रपाळी

कॅन्सरच्या पेशंटच्या घरी जाऊन सेवा देते, नर्स आहे. धागाकर्ती ताई, मला तुमच्या पहिल्याच परिच्छेदात उत्तर दिसलं.

केमोच्या दिवशी बरी, दुसऱ्या दिवसापासून त्रास, याला उशिराची मळमळ म्हणतात. सलाईनमधून दिलेली औषधं पहिल्या दिवसाला पुरतात, पुढच्या दिवसांसाठी घरच्या गोळ्या लागतात. त्या दिल्यात का? आणि दिल्या असतील तर आई त्या उलटी झाल्यावर घेतात की आधी? मी घरोघरी पाहते, 'मळमळलं तर घ्या' असं समजून गोळ्या पाकिटातच राहतात. सांगितलेल्या वेळी घड्याळ लावून घ्यायच्या असतात. ऑन्डानसेट्रॉन आहे, ॲप्रेपिटंट आहे. आणि ओलान्झापिन आहे. त्याचं पाकीट बघून 'आमच्या आईला वेड लागलंय का' म्हणून लोक घाबरतात, कारण ते मूळचं मानसोपचारातलं. रात्री छोटा डोस घेतला की केमोची मळमळ फार छान आवरते, किंमतही कमी. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

खाण्याचं: गरम जेवणाचा वास जास्त सुटतो. गार भात-ताक, गार सोलकढी, पेज, आलेपाकाचा तुकडा, दर तासाला दोन घास. पोटभर जेवायचा आग्रह या पाच दिवसांत करू नका.

वेदना सुरू झाल्या तर तेलाच्या मागे लागू नका. कॅन्सरच्या वेदनेवर त्या टीएचसी-सीबीडी स्प्रेच्या मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत अपेक्षित फायदा सिद्ध झाला नाही. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या आहेत, एनडीपीएस कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर त्या रुग्णालयांना मिळणं सोपं झालंय. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचं) सेंटर १९९७ पासून आहे, तिथे पैसे घेत नाहीत. 'तिथे शेवटीच जायचं असतं' हा गैरसमज मनातून काढा.

आणि गांजाने किंवा या तेलाने कॅन्सरच बरा होतो असं कुणी सांगितलं तर कृपया ऐकू नका. माणसात तसं सिद्ध झालेलं नाही. त्या नादात केमो सोडून परत आलेले पेशंट मी पाहिलेत. तेव्हा परत आलेल्यांना काय बोलायचं ते आम्हाला सुचत नाही.

---

मुळाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. कृष्णाकाठची ताईंचा वाचताना तिने मला थांबवलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यांना सांग, मुलाला परीक्षेसाठी माझा आशीर्वाद."

रात्रपाळी ताई, तुम्ही म्हणालात तेच निघालं. गोळ्या लिहून दिलेल्या होत्या, आम्ही उलटी झाल्यावर द्यायचो आणि ती गोळी उलटीतच पडायची. डॉक्टरांना तेलाचं सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फाईलवर तारीख घालून लिहून घेतलं आणि म्हणाले, लपवलं असतं तर हा त्रास केमोचाच समजून मी केमोचा डोस कमी केला असता. ओलान्झापिन सुरू केलं.

बाटलीवर बॅच नंबर नाही, पत्ता नाही. मामाला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ ती हातात फिरवत बसला. मग स्वतःच म्हणाला, "ही मी घेऊन जातो, आणि ज्याने दिली त्याला विचारतो."

चौथी केमो मागच्या सोमवारी झाली. मळमळ आहे, पण उलटी एकच, बुधवारी. आज गुरुवार. दुपारी मी आमटीला फोडणी घालायच्या आधी सवयीने टॉवेल घेऊन दाराशी वाकले, तर बाहेरून आई म्हणाली, "राहू दे उघडं, बघू या."

उघडंच ठेवलंय.